उजवी पाकळी

पेडण्याच्या वाटेवर धारगळ मागं टाकलं, की एक तांबड्या मातीचा रस्ता काजूच्या बागांतून आत शिरतो. त्या रस्त्याच्या टोकाला सातेरीचं देऊळ, आणि देवळाला चिकटून कृष्णनाथ गुरवाचं घर. कृष्णनाथ म्हणजे कोणी साधुपुरुष होता असं समजू नका. विडी ओढायचा, पत्त्यांत हरला की चिडायचा, आणि सकाळी पाववाल्या पदेराची सायकल उशिरा आली तर पाव हातात घेता घेता त्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. पण एका बाबतीत त्याचं नाव चोख होतं. कृष्णनाथानं लावलेला कौल म्हणजे देवीचा शब्द, असं आसपासच्या वाड्यांत सगळे धरून चालत.

कौल म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सांगतो. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पिटकुळीच्या तांबड्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, मुलानं आखातात जावं की नको, सगळं लोक सातेरीला विचारून करायचे. गोव्याचं घटकराज्य होण्याच्या आधी गावात मराठी की कोंकणी म्हणून भांडणं पेटली, तेव्हा शाळेच्या कमिटीतले दोघे तेही विचारायला आले होते. कृष्णनाथानं त्यांना पायरीवरूनच परत धाडलं. म्हणाला, "देवीक तुमच्या भानगडींत ओढू नकात, ती दोन्ही भाशांतलां गाऱ्हाणां ऐकता." गाव चार दिवस हसला होता.

असा माणूस. आणि ह्याच माणसानं एकदा कौल फिरवला. तोही स्वतःच्या सुनेचा.

पण आधी सिंधूबद्दल सांगायला हवं. सिंधू म्हणजे कृष्णनाथाची बायको. पोर्तुगिजांच्या राज्यात ती पहिलटकरीण अडली. सुईण हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, माझ्या हातातलं राहिलं नाही, नदीपार म्हापशाला न्या. तेव्हा कृष्णनाथाचा बाप गुरव होता. त्यानं कौल लावला. घराबाहेर काढू का, असं विचारलं, आणि डावी पाकळी पडली. आत सिंधू जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, गज धरून ओरडत होती, "माका म्हापशाक व्हरा, माका व्हरा." बाहेर सगळे हात जोडून उभे होते. मूल वाचलं, ती गेली. ते मूल म्हणजे शिवदास. कृष्णनाथानं दुसरं लग्न केलं नाही, आणि त्या डाव्या पाकळीचा राग मनात धरून बापामागं स्वतः गुरवकी करू लागला. उजवी पडली असती तर सिंधू जगली असती, हे एक वाक्य तो जन्मभर मनात घोळवत राहिला.

शिवदास मोठा झाला, हमरस्त्यावर टायरचं दुकान घातलं, आणि मये गावची वर्षा सून म्हणून घरात आली. बोलायला मोजकी, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी पोर. सासऱ्याला 'मामानू' म्हणायची. पहाटे देवळात फुलं तीच खुडून आणायची आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. सासरा-सुनेचं बरं जमलं होतं. घटकराज्य झालं त्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली, सेजल. अडली, ऑपरेशन करावं लागलं. टाके पिकले, महिनाभर तापात पडून होती. त्या दिवसांत ती एकदा शेजारच्या सुलोचनेला म्हणाली, "बाय गो, परत ह्यां नको. दुसऱ्या वेळार आपल्याच कळांनी होवंदे." कृष्णनाथानं पडवीतून ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. बायका तापात किती काय काय बोलतात. पण ह्यानं ते वाक्य दगडावर कोरून घेतलं.

काही वर्षांनी तिला परत दिवस गेले. म्हापशाला सुमंगला नावाची एक डॉक्टरीण होती, तिच्या छोट्या इस्पितळात नाव घातलं. शिवदासला दुकान सोडवेना, म्हणून तपासायला सासराच घेऊन जायचा. शेवटच्या महिन्यात डॉक्टरणीनं दोघांनाही समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. पहिलं ऑपरेशन झालंय, तरी ह्या वेळी आपसूक होऊ शकतं. पण तसं करायचं तर मोठ्या इस्पितळात, जिथं रात्री-अपरात्री सगळी सोय आहे तिथं. जुना टाका कळांनी उसवण्याचा धोका थोडा असतो, पण असतो. नाहीतर मी इथंच दिवस ठरवून ऑपरेशन करते. त्यालाही धोके आहेत, ताप, रक्त जाणं, पुढं पोटात चिकटणं. दोन्ही वाटा बऱ्या आहेत. "आता तू ठरव," ती वर्षाकडे बघून म्हणाली.

वर्षानं तोंड उघडलं. तेवढ्यात कृष्णनाथ खुर्चीवरून पुढं सरकला आणि म्हणाला, "आमी घरा विचारून सांगतों."

"घरी कोणाला? पोट हिचं आहे."

"देवीक विचारतलों," कृष्णनाथ म्हणाला. त्याला त्या बाईचा जरा रागच आला होता. आम्ही काय सुनेचे वैरी आहोत?

डॉक्टरीण म्हणाली, देवीलाही विचारा, पण हिला विचारल्याशिवाय मला उत्तर आणू नका. वर्षानं दोन-चार गोष्टी विचारल्या, त्या सगळ्या आपसूक बाळंतपणाबद्दल. कळा किती वेळ काढाव्या लागतात, टाका उसवला तर आधी कळतं का, असल्या. झालं. पोरीचं ठरलंय, कृष्णनाथानं मनाशी धरलं. ही कळा काढणार. ही सिंधूच्या वाटेनं जाणार.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून आली. कोलवाळचा पूल आला, गेला. वर्षा एकदा त्याच्याकडे वळली, जशी काही बोलणार. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. विचारलं आणि ती 'कळा काढीन' म्हणाली तर तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं, ह्या भीतीनं त्यानं विचारलंच नाही. घरी शिवदास म्हणाला, "देव सांगात तशें." तो बिचारा सगळ्याच बाबतींत असं म्हणायचा.

दुसऱ्या सकाळी कौल लावला. शिवदास, सुलोचना आणि वाडीतले दोघे-तिघे मानकरी आले. वर्षा उंबऱ्याशी तांब्या धरून उभी. आता गुरवाच्या हाताला काय काय ठाऊक असतं ते गुरवालाच ठाऊक. पाणी जास्त झालं की पाकळी बसून राहते, कोरडी लागली की लगेच सुटते. तीस वर्षांत कृष्णनाथानं ह्या ज्ञानाचा कधी उपयोग केला नव्हता, आणि दुसरा कोणी करतो असं ऐकलं तरी तो थुंकायचा. त्या दिवशी त्यानं डावी पाकळी चांगली भिजवून दाबली. मग उजवा आंगठा कमरेला धोतरावर बांधलेल्या पंच्याला पुसला, आणि उजवी पाकळी नुसती टेकवली.

"बा देवी सातेरी," त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी असत. सुनेचां बाळातपण तोंडार इलां हा. ऑपरेशन करून माय-लेकरू सुखरूप सुटतली असतीत तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," मागचे सगळे म्हणाले.

उजवी पडली. पडायचीच होती. सुलोचनेनं डोळ्यांना पदर लावला, मानकऱ्यांनी माना डोलावल्या. कृष्णनाथानं पाकळी उचलून वर्षाच्या ओंजळीत घातली. तिनं ती कपाळाला लावली आणि खाली बघत राहिली. तिचा चेहरा त्याला वाचता आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं तो वाचायचा प्रयत्नही केला नाही.

इस्पितळात डॉक्टरीण दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाच्या धावपळीत होती. दारातूनच तिनं विचारलं, "काय ठरलं?"

"ऑपरेशन."

"वर्षा काय म्हणते?"

वर्षा तेव्हा आतल्या खोलीत नर्सकडे वजन करून घेत होती. कृष्णनाथ म्हणाला, "तीच म्हणता. तिकाच व्हयां." एकाच आठवड्यात दुसरं खोटं. पहिलं देवीच्या तोंडी घातलं, दुसरं सुनेच्या. डॉक्टरणीला तो जुन्या चालीचा माणूस सुनेच्या मनाचं बोलतोय ह्याचं बरं वाटलं असावं. ती हसली आणि आत गेली. ऑपरेशन ठीक झालं. मुलगा झाला, गौरेश. ह्या वेळी टाके पिकले नाहीत. मग पेढे वाटले, देवीची ओटी भरली, गावजेवण घातलं.

सगळं चांगलं झालं, मग माणसाला आणखी काय हवं? पण खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. वर्षा इस्पितळातून घरी आली आणि पहिल्याच दिवशी खाटेवरून उठताना पोट धरून क्षणभर वाकली. कृष्णनाथ पडवीत होता. त्याला वाटलं, हे मी केलं. ही कळ तिनं मागितली नव्हती, मी दिली. तिची हौस होती, आपल्या कळांनी मूल यावं ही. ती मी मोडली आणि वर देवीचं नाव सांगितलं.

तिथून पुढं त्याचं वागणं बदललं. विहिरीवरून कळशी भरून तोच आणू लागला. गुरवाच्या खांद्यावर कळशी बघून वाडीतले सगुण शेट चिडवायचे, "काय रे कृष्णनाथा, सुनेचो सासरो जालंस की सून?" तो हसायचा नाही. म्हापशाच्या बाजारातून वर्षासाठी कधी चुडे, कधी शेवंतीची वेणी आणायचा, आणि द्यायच्या वेळी तिच्या हातात न देता जनेलावर ठेवून निघून जायचा. तिनं वाढलेलं ताट समोर आलं की आधी ती जेवली का विचारायचा. लोक म्हणायचे, सासरा असावा तर असा. हे ऐकलं की तो तिथून उठून जायचा.

देवळात तर आणखी पंचाईत. आता प्रत्येक कौलाच्या वेळी तो दोन्ही पाकळ्या एकाच बोटानं, सारख्या पाण्यानं लावायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा. लोक ताटकळायचे. कृष्णनाथ म्हातारा झाला, हात कापतो, असं ते समजायचे. एकदोनदा गाऱ्हाणं घालताना देवीच्या डोळ्यांकडे बघायचा धीर त्याला झाला नाही. पायांकडे बघूनच त्यानं ते उरकलं.

ह्यावर त्याचा एकच आधार होता. त्या आधारावर तो रात्री झोपायचा. आपण खोटं केलं, पण पोरीला वाचवलं. तिच्या हट्टापासून तिला वाचवलं. बापानं डावी पाकळी मानली आणि सिंधू गेली, मी उजवी पाडली आणि वर्षा जिवंत आहे. एका पारड्यात पाप, दुसऱ्यात सुनेचा जीव. तराजू असा धरला की थोडं सुसह्य व्हायचं.

गौरेश शाळेत जाऊ लागला होता, तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी सकाळी सगुण शेट घरची मंडळी घेऊन देवळात आले. मुलगा किरण, त्याची आई, आणि मागं सून प्रतीक्षा, पोटुशी. हिचंही पहिलं ऑपरेशन झालेलं, आणि म्हापशाच्या डॉक्टरणीनं ह्यांनाही तीच दोन वाटांची गोष्ट सांगितलेली. सगुण म्हणाले, "कौल लाव रे. दोतोरीण म्हणता, हिका विचारा. हिका काय कळता?" प्रतीक्षा साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

कृष्णनाथानं फुलांच्या टोपलीत हात घातला. पाकळी चिमटीत धरली. पाण्यात बुडवली, देवीच्या खांद्यापर्यंत नेली आणि परत टोपलीत टाकली. दुसरी घेतली, तीही टाकली. शेवटी टोपली बाजूला सारून तो म्हणाला, "आज जमाचां नाय. फुलां शिळी असत. उद्या येवात." सगुण कुरकुरत गेले. उंबऱ्याशी वर्षा तांब्या घेऊन उभी होती.

दुपारी जेवणं आटोपली. शिवदास दुकानावर, पोरं शाळेत. कृष्णनाथ पडवीच्या पायरीवर विडी न पेटवता नुसती हातात धरून बसला होता. वर्षा भांडी घासून आली आणि खांबाशी टेकून उभी राहिली.

"मामानू, फुलां शिळी नव्हती. सकाळी मीच खुडून हाडलेली."

"हं."

"त्या दिसाचीय शिळी नव्हती."

कृष्णनाथानं मान वर केली नाही. ती आपल्या रोजच्या आवाजात बोलत होती. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"उजवो आंगठो तुमी पंच्याक पुसलात. मी उंबऱ्यारच होतंय मां, तांब्यो घेऊन. माका दिसलां."

म्हणजे इतकी वर्षं हिला ठाऊक होतं. आपण जनेलावर ठेवलेल्या वेण्या, भरलेल्या कळश्या, सगळं हिनं ते ठाऊक असून घेतलं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं, पण इथं तर घरमालकीण जागी राहून चोराला बघत होती. कृष्णनाथाला शरमेनं घाम फुटला. पंच्याच्या टोकानं तोंड पुसायला गेला आणि ते हातात तसंच धरून राहिला.

"तेव्हाच कित्या बोललंस नाय गो?"

"कोणाक सांगू? सगळ्यांसमोर सासऱ्यान देवीक फसयलां म्हणून सांगू? मग वाडीत तुमचां काय ऱ्हवला असतां?"

मग त्यानं तो प्रश्न विचारला. बसमध्ये, पुलावर, इस्पितळाच्या दारात, कुठंही विचारता आला असता असा साधा प्रश्न.

"वर्षा, तुका तेव्हा काय व्हयां होतां?"

"ऑपरेशनच," ती म्हणाली.

कृष्णनाथानं हातातली विडी पायरीवर ठेवली.

"दोतोरणीन टाको उसवता म्हणून सांगलां, तेव्हाच माझां ठरलां. सेजल घरात ल्हान. मी भियालंय. तिका एवढां विचारलंय तां माझां मन घट करूक. बसीत तुमका सांगूक बघी होतंय, तुमी खिडकीभायर बघलात." ती जरा थांबली. "मग म्हटलां, घरा कोण तरी विचारात. शिवदास विचारात. तुमी विचारशात. देवीक विचारलात, वाडीक विचारलात."

"मग..." कृष्णनाथ चाचपडत म्हणाला, "मग तुझ्या मनासारखांच जालां मां गो?" बोलताना त्याच्या आवाजात एक आशा होती. ती त्याची त्यालाच ऐकू आली आणि लाज वाटली.

"नाय," वर्षा म्हणाली. "माझ्या मनासारखां जावचां होतां. तां तुमच्या मनासारखां जालां. पोट माझां कापलां, आणि मी त्याका व्हयसुदीक म्हणूक नाय. इतकी वर्सां आंग धुताना हात थंय गेलो की माका पंचो दिसता."

कृष्णनाथाच्या तराजूचं दुसरं पारडं त्या क्षणी रिकामं झालं. हट्टापासून वाचवलं म्हणावं, तर हट्ट नव्हताच. हिचं आणि त्याचं मत एकच होतं. नुसतं विचारलं असतं तर देवीला फसवावं लागलं नसतं, डॉक्टरणीशी खोटं बोलावं लागलं नसतं. तिच्या तोंडी घातलेलं ते खोटं खरंच निघालं होतं, आणि तरी ते खोटंच होतं. आता त्याच्याकडे निव्वळ पाप उरलं, त्याच्यावर घालायला काही पांघरूण नव्हतं.

आणि त्याला सिंधू आठवली. पाकळी नाही, सिंधू. जनेलाचा गज धरून उभी, केस मोकळे, 'माका म्हापशाक व्हरा' म्हणून ओरडणारी. बापानं पाकळीकडे बघितलं होतं, आणि त्यानंही पाकळीकडेच बघितलं होतं. उजवी पडली असती तर, उजवी पडली असती तर, असं तो जन्मभर म्हणत आला. ती सांगत होती की. ती तर मोठ्यानं सांगत होती. कृष्णनाथ पायरीवर बसल्या जागी रडू लागला, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता. वर्षानं त्याला उगी म्हटलं नाही, आणि ती निघूनही गेली नाही.

शेवटी त्यानं डोळे पुसले आणि उठायला लागला. "सगुणागेर जातंय," तो म्हणाला. "त्या पोरीक विचारतंय. कौल नको, बिल नको. तिका समोर बसवन विचारतंय."

"तुमी नको," वर्षा म्हणाली.

"कित्या?"

"तुमच्यासमोर ती सांगूची नाय. तुमी, सगुण शेट, तिची सासू, सगळी बसशात आणि विचारशात, मग ती म्हणतली, तुमी म्हणशात तशें." तिनं पदर ओढून खांद्यावर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि पायात चपला घातल्या. "मी जातंय. तिका विहिरीर घेऊन जातंय आणि विचारतंय. तुमी घरा ऱ्हवा. पोरां शाळेतसून येतली, त्यांका पाव-चाय दिया."

ती काजूच्या बागेच्या वाटेनं गेली. चढावर क्षणभर थांबली, हात पोटाच्या डाव्या बाजूला नेऊन दाबला आणि पुन्हा चालू लागली. कृष्णनाथ अर्धा उठलेला परत पायरीवर बसला. सकाळी देवळातून परत आणलेली फुलांची टोपली पायरीशीच होती, पिटकुळीची फुलं अजून ताजी होती. पोरं यायला वेळ होता. त्यानं कमरेचा पंचा सोडला, घडी घातली, आणि कुठं ठेवावा ते न कळून मांडीवर घेऊन बसून राहिला.